हो, बाई

मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला.
सदरच्या शाळेतला हॉल, पाच दिवसांचं प्रशिक्षण,
सकाळी सही, संध्याकाळी सही, मधे तर्रीपोहे.
दोन कूलर ट्रकसारखे घुरघुरणारे,
ओल्या खसाचा वास,
आणि त्या वासात पेंगणारे आम्ही ऐंशी शिक्षक.

मी शेवटच्या रांगेत.
सव्वीस वर्षं नोकरी झाली की माणूस
आपोआप तिथेच जाऊन बसतो.
पुढे घरडे मॅडम काही सांगत होत्या.
ओठ हलत होते, हात हलत होते,
बोलत होता तो कूलर.
मी मान डोलावत होते.

त्यांनी माझ्याकडे बोट करून काही विचारलं.
मी म्हटलं, हो मॅडम.
पुढच्या दोन रांगा हसल्या.
मग शिपायाने कूलर बंद केले
आणि घामाच्या पहिल्या थेंबाआधी
प्रश्न माझ्यापर्यंत पोचला:
"ताई, तुमच्या खुर्चीखाली साप आहे का?"

मीही हसले.
"अर्धा तास मी मुद्दाम हळू बोलतेय," त्या म्हणाल्या,
"हजेरीत तर तुम्ही सगळे आहात."

तेव्हा आठवली आर्वी पराते, तिसरी ब.
पाढे झाले? हो, बाई.
डबा आणला? हो, बाई.
कोणी मारलं का तुला? हो, बाई.
कोणी?
हो, बाई.
प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात:
गुणी मुलगी. लक्ष कमी.

पोह्यांची प्लेट हातात तशीच राहिली, तर्रीवर साय धरली.

संध्याकाळी ऑटो केला, तांडापेठेत गेले.
गल्लीत एकच माग उरलाय, तो नेमका त्यांच्याच घरी.
खटक-खटक, खटक-खटक,
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हलत होतं.
आणि आर्वी त्या आवाजात
आईशी भांडत होती! हातवारे करून, पाय आपटून,
आंब्याची कोय कोणी चोखायची म्हणून.
मी तिचा इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

आईने माग थांबवला नाही, फक्त तोंड माझ्याकडे केलं.
"मागापाशी सारेच बहिरे, बाई.
आमी त तोंड पाहूनच बोलतो.
पोरगी घरी सारं समजते.
शाळेत कायले नाही समजत, तुमीच सांगा."

मी काय सांगणार?
की माझं तोंड सव्वीस वर्षं फळ्याकडे आहे?

मेडिकलला नेलं, तपासणी झाली, अर्ज गेला.
मशीन यायचं आहे. अर्जावर अजून एक सही हवी,
साहेब सुटीवर आहेत.

जूनअखेर शाळा उघडली.
तिला पहिल्या बाकावर घेतलं, खिडकीकडे पाठ,
म्हणजे उजेड माझ्या चेहऱ्यावर.
हे प्रशिक्षणाच्या वहीत आहे, पान नऊ.
जे वहीत नाही ते असं की
वळायचं म्हणता मान वळत नाही.
पहिले आठ दिवस मी अर्धं वाक्य मुलांना दिलं
आणि अर्धं फळ्याला.

नवव्या दिवशी बेरीज घेतली, सत्तावीस अधिक पाच.
सात नि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक.
तिच्यासमोर उभी राहून विचारलं, समजलं?

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली,
मागावरचा तुटका धागा शोधावा तशी.
वेळ लागला. वर्ग चुळबुळला.
"नाही, बाई."

नाही!
मला काय झालं कुणास ठाऊक, मी टाळीच वाजवली,
पोरं बावचळली,
आणि मागच्या बाकावरून शादाब हळूच म्हणाला,
मलापण नाही.
मग सोनपरीने हात वर केला.
मग आणखी चार.

सव्वीस वर्षं मी हातचा
कोणाला शिकवत होते?

फळ्यावर बेरीज तशीच होती.
खडू उचलला,
आणि लिहिण्याआधी
मागे वळले.